मोजक्या पैशांत पहिलं पेडल स्टील: काही महिने वाजवल्यानंतर

पेडल स्टील म्हणजे स्वतःच्या चार पायांवर आडवी उभी असलेली गिटार: तारांवर स्टीलचा बार सरकवायचा आणि वाजत्या तारांचे सूर पायाखालच्या पेडलांनी व गुडघ्यांजवळच्या लिव्हरांनी बदलायचे. हात आखडता असेल तर पहिल्या पेडल स्टीलवरचे सगळे पैसे सूर बदलणाऱ्या या यंत्रणेत जाऊ द्यावेत. रंग, चकाकी, प्रसिद्ध नाव, देखणी केस या सगळ्यावर पाणी सोडलं तरी चालतं. काही महिने रोज त्याच्यासमोर बसल्यावर माझं मत याच जागी पक्कं झालं आहे.

माझ्याकडचं वाद्य सेकंडहँड आहे: एक नेक (तारांचा एकच संच), दहा तारा, ई नाइन ट्यूनिंग, तीन पेडल आणि चार नी-लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे). समोरच्या पट्टीवरचं लॅमिनेट दोन ठिकाणी उडालेलं आहे, पायांवरचा क्रोम गेलेला आहे, फ्रेटबोर्डवर ओरखडे आहेत. ऐकणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. पेडल सोडल्यावर तार जागेवर परत आली नाही, तर ते मात्र पहिल्या ओळीतच ऐकू येतं.

हे समजायला ट्यूनिंग डोळ्यांसमोर हवं. ई हा षड्ज धरला तर पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुरात आहेत. सुरुवातीला बोटं तिथे हमखास चुकतात. आता पेडलं. ए पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. बी पेडल दोन्ही गंधारांना मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबली की बार जागचा न हलवता सा-ग-प चा कॉर्ड म-ध-सा होतो. सी पेडल चौथ्या तारेचा षड्ज रिषभावर आणि पाचवीचा पंचम धैवतावर चढवतं. १९५४ साली अमेरिकन स्टीलवादक बड आयझॅक्स यांचं वादन रेकॉर्डवर आलं, तेव्हा तार वाजत असताना पेडल दाबून एक सूर दुसऱ्यात वितळवण्याचा परिणाम लोकांनी ऐकला आणि अनेक स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायला धावले. त्यांच्याकडे पंचम आणि गंधार दोन्ही एकाच पेडलने चढत. त्यांच्यानंतरचे वादक बडी एमन्स यांनी तो बदल दोन पेडलांत विभागला. आज प्रत्येक ई नाइन गिटारवर ए आणि बी शेजारी-शेजारी असतात ते त्यामुळे. एक सूर धरून ठेवायचा आणि त्याच्या शेजारचा मींडेने हलवायचा, हे या वाद्याचं मर्म त्या विभागणीत आहे.

स्वस्तातल्या खरेदीचा खरा प्रश्न मात्र गुडघ्यांपाशी येतो. तीन पेडल बहुतेक गिटारींवर असतात, नी-लिव्हरमध्ये काटछाट केलेली असते. शो-बड कंपनीचं जुनं मॅव्हरिक हे विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल घ्या. त्यावर बहुधा तीन पेडल आणि एकच लिव्हर. आवाज गोड असतो, किंमत मोह पाडते. तरीही पहिलं वाद्य म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.

कारण असं. एक लिव्हर दोन्ही षड्ज अर्ध्या सुराने वर नेतो, त्याला एफ लिव्हर म्हणतात. दुसरा तेच षड्ज शुद्ध निषादावर उतरवतो, तो ई लिव्हर. एफ लिव्हर आणि ए पेडल एकत्र घेतलं की शून्यावर मिळणारा ई मेजर कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर पुन्हा मिळतो, आणि ए-बी दाबून सातव्यावर तिसऱ्यांदा. शून्य, तीन, सात, मग बारा. सगळं फ्रेटबोर्ड या मुक्कामांनी बांधलेलं आहे. एफ लिव्हर नसेल तर तिसऱ्या फ्रेटचा मुक्कामच उरत नाही आणि शून्यावरून एकदम सातवर उडी मारावी लागते. ई लिव्हर आणि बी पेडल एकत्र घेतलं की बार न हलवता पंचमाचा सेव्हन्थ कॉर्ड हाती लागतो. म्हणजे साध्या गाण्याला लागणारे तिन्ही कॉर्ड एकाच जागी. एकाच लिव्हरवर यातलं एक काहीतरी सोडावं लागतं आणि शिकण्याचे बहुतेक धडे दोन्ही आहेत असं गृहीत धरूनच लिहिलेले असतात. तिसरा लिव्हर दुसऱ्या आणि नवव्या तारेचा, तोही लवकरच लागतो. चौथा, माझ्याकडे पंचमाला तीव्र मध्यमावर उतरवणारा आहे, तो अजून मी फारसा वापरत नाही. तीन पेडल आणि तीन लिव्हर ही माझ्या दृष्टीने किमान पातळी. चार मिळाले तर उत्तम.

आता तपासणी. प्रत्यक्ष जाता आलं नाही तर विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा, पण गाण्याचा नको. ट्यूनर लावून एकेक तार छेडलेली आणि एकेक पेडल, लिव्हर दाबून सोडलेलं दिसलं पाहिजे. काटा वर जातो, परत येतो. कुठे परत येतो ते बघायचं. एकदा बरोबर आला म्हणून समाधान मानू नका. तोच बदल पाच-सहा वेळा करवून घ्या, कधी हळू, कधी झटक्याने. सगळ्यात जास्त परीक्षा चौथ्या तारेची होते, कारण तीच सी पेडलने चढते, एफ लिव्हरने चढते आणि ई लिव्हरने उतरते. ती उतरून परतताना दोन-तीन सेंटांचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक दाखवत असेल तर चालवून घेता येतं. दहा-बारा सेंट लटकत असेल तर आत काहीतरी अडतंय: साचलेलं जुनं तेल, थकलेली स्प्रिंग, वाकलेला रॉड, किंवा चेंजरची, म्हणजे तारा ओढणाऱ्या-सोडणाऱ्या भागाची, झिजलेली बोटं. पहिल्या तिन्हींवर उपाय आहे. झिजलेल्या चेंजरवर स्वस्त उपाय नाही.

दुसरा व्हिडिओ गिटार उलटी करून खालच्या बाजूचा. क्रॉसशाफ्ट (आडवे फिरणारे दांडे) सरळ आहेत का, त्यांवरचे रॉड ओढणारे बेल क्रँक घट्ट बसले आहेत का, प्रत्येक रॉडच्या टोकाला नायलॉनचा ट्यूनिंग नट आहे का. पेडलपासून वर जाणारे उभे रॉड किती आहेत ते मोजा. पाय चारही आहेत का, त्यांचे आटे शाबूत आहेत का, पेडल बार (पेडलं बसवलेली पट्टी) सोबत येतोय का, हेही विचारा. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टी हरवलेल्या असतील तर जुन्या मॉडेलसाठी त्या शोधणं फार कटकटीचं ठरतं. उंच माणसाने आणखी एक पाहावं: बसल्यावर मांड्या आणि गिटारचा तळ यांत जागा उरते का. पाय लांब करता येतात, पण मग उभे रॉडही तेवढेच लांब लागतात.

सगळं बजेट गिटारवर संपवू नये. साधारण तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा असं मी म्हणेन. व्हॉल्यूम पेडलशिवाय हे वाद्य अर्धंच आहे: तार छेडली की सूर विरत जातो आणि पाय तो हळूहळू उघडत भरून काढतो, त्यातून तो लांब, श्वासासारखा स्वर तयार होतो. साधं पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारं, पेडल पुरतं. त्यातला आवाज कमी-जास्त करणारा पॉट झिजून खरखरू लागला तर बदलता येतो. स्टीलचा बार चांगल्या वजनाचा, पाऊण इंचापेक्षा थोडा जाड घ्या, ७/८ इंच हे नेहमीचं माप. हलक्या बारने सूर पातळ येतो. प्लॅस्टिकचा थंबपिक आणि धातूचे दोन फिंगरपिक हा खर्च किरकोळ. ॲम्पची घाई मी केली नाही. स्टीलवादक पंधरा इंची स्पीकरचे, भरपूर ताकदीचे, स्वच्छ आवाजाचे ॲम्प वापरतात, कारण आवाज फाटायला नको असतो. पण घरातल्या सरावाला छोटा क्लीन ॲम्प किंवा हेडफोन पुरतो. बसायला हात नसलेलं, योग्य उंचीचं स्टूल मात्र आधीच ठरवा. गुडघे लिव्हरांना सहज लागायला हवेत. चुकीच्या उंचीवर बसून शिकलेलं नंतर सोडवणं जड जातं.

आणि आता सूर लावणं, ज्याने मला या वाद्याच्या प्रेमात पाडलं. ट्यूनरवर सगळ्या तारा मधोमध आणून कॉर्ड छेडला तर तो खुपतो. कान तयार असेल तर लगेच कळतं की गंधार चढा आहे. शुद्ध गंधार सम-विभागी (सप्तकाचे बारा समान भाग करून आलेल्या, ट्यूनर दाखवतो त्या) गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट खाली असतो. साध्या गिटारवर वा पियानोवर तो फरक आपण निमूट सोसतो. इथे सोसावा लागत नाही, कारण फ्रेट म्हणजे नुसत्या रेषा आहेत, उठावदार पडदे नाहीत, आणि प्रत्येक तार, प्रत्येक पेडल स्वतंत्रपणे मिळवता येतं. तिसरी आणि सहावी तार, सूर न जुळल्याने ऐकू येणारी थरथर (ठोके) थांबेपर्यंत उतरवली की कॉर्ड एकदम स्थिरावतो. ए पेडलचा धैवत साधारण १६ सेंट खाली येतो. एफ लिव्हरवरचा सूर तर त्या धैवताचा गंधार, म्हणून तो आणखी खाली, तीसेक सेंटांपर्यंत जातो. ट्यूनरकडे बघून हे आकडे चुकीचे वाटतात. कान म्हणतो बरोबर.

पेच रिषभाचा आहे. पंचमाशी जुळणारा रिषभ आणि धैवताशी जुळणारा रिषभ यांत सुमारे २२ सेंटांचं अंतर पडतं, म्हणजे ज्याला आपले शास्त्रकार प्रमाण श्रुती म्हणतात तेवढं. सातवी तार एकच. मी पहिल्या आणि सातव्या तारेचा रिषभ पंचमाशी मिळवते आणि सी पेडलचा रिषभ धैवताशी, खाली. अनेक वादक सगळंच थोडं थोडं मधे ओढून तडजोड करतात, तीही रास्त आहे, विशेषतः की-बोर्डसोबत वाजवायचं असेल तेव्हा. पण ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला आहे त्याने एकदा तरी शुद्ध लावून पाहावं.

महिन्यांच्या वापरात काय काय झालं? तिसरी तार तुटते. ही माझ्या गिटारची खोड नाही, सगळ्यांचीच आहे: ०.०११ इंचाची ती तार २४ इंचांच्या आसपासच्या स्केलवर आधीच तुटायच्या सीमेवर ताणलेली असते आणि बी पेडल तिला आणखी वर ओढतं. तिसऱ्या तारा सुट्या, जास्तीच्या घेऊन ठेवा. एक लिव्हर मध्यंतरी सुस्तावला होता. चेंजरमध्ये जुनं तेल चिकट झालं होतं. लायटरमध्ये भरतात त्या नॅफ्थाने ते धुतलं (खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर), मग पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला आणि तो पूर्ववत झाला. जास्त तेल घालू नये, धूळ धरते.

एक दोष मात्र कायमचा आहे. ए आणि बी एकत्र दाबले की लाकडी बॉडी किंचित वाकते आणि न हललेले षड्ज चार-पाच सेंट उतरतात. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. महागड्या गिटारीतही तो थोडाफार असतो, स्वस्तात जास्त. मी षड्ज केसभर चढा लावते, म्हणजे तो फरक दोन्हीकडे विभागला जातो. घेण्याआधी हा आकडा जरूर पाहा. दहाच्या पुढे गेला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

हातांबद्दल थोडंच लिहिते. पेडलं आठवड्यांत जमतात. उजवा हात महिने घेतो, कारण नको असलेल्या तारा तळव्याने बंद करत जाणं हीच खरी मेहनत आहे. बार फ्रेटच्या रेषेच्या बरोबर वर धरायचा आणि वरून सरळ बघायचं. तिरकं बघितलं की सूर हलतो. बारमागची अनामिका आणि करंगळी तारांवर टेकलेली ठेवली की मागची गुणगुण थांबते.

मॉडेलांबद्दल लोक विचारतात. कार्टर स्टार्टर तीन पेडल आणि चार लिव्हरसह यायचं. कंपनी आता बंद आहे, पण वाद्य सुस्थितीत मिळालं तर नवशिक्याला पुरेसं आहे. फेंडर ४०० रॉडऐवजी केबलवर चालतं, आवाज सुंदर, पण मूळ रूपात आठ तारा आणि लिव्हर नाहीत. ई नाइन शिकायला ते उपयोगाचं नाही. एमन्स कंपनीचं पुश-पुल (सूर चढवायला ओढणारं, उतरवायला ढकलणारं) जगभर नावाजलेलं आहे, तरी त्याची जुळवणी किचकट, जवळ जाणकार नसेल तर पहिलं म्हणून नको. त्यापेक्षा ऑल-पुल (सगळे बदल ओढूनच करणारा) चेंजर बरा: प्रत्येक बदल टोकाच्या नटावर मिळवता येतो. डबल नेकचा मोह टाळावा. सी सिक्स्थ या वेगळ्या ट्यूनिंगची दुसरी नेक म्हणजे वजन, किंमत आणि आणखी पाचेक पेडलं, आणि पहिली नेकच वर्षानुवर्षं पुरते.

आधी स्वस्तातलं लॅप स्टील (मांडीवर घेऊन वाजवायचं, बिनपेडलचं) घेऊन बघू का, असाही प्रश्न येतो. बार आणि उजवा हात त्यावर नक्की तयार होतो, आणि लॅप स्टील हे स्वतःच्या हक्काचं सुंदर वाद्य आहे. पण पेडलच्या सुरासाठी जीव तळमळत असेल तर ते पैसे गिटारसाठी साठवा. माझ्या यादीत पुढे पंधरा इंची स्पीकरचा एक जुना ॲम्प आहे. गिटार बदलायचा विचार नाही.