अकरा महिने आणि एक अख्खा पावसाळा: कोकणात वापरलेल्या दोन अॅनिमे हुड्या

गेल्या नोव्हेंबरात मी पाठोपाठ दोन हुड्या घेतल्या. एक काळी, पाठीवर ‘नारुतो’ या अॅनिमे (जपानी कार्टून) मालिकेतल्या अकात्सुकी टोळीचा लाल ढग, लेबलवर तमिळनाडूतल्या तिरुपूरचा पत्ता, ऑनलाइन १७९९ रुपयांना. दुसरी लालभडक, छातीभर आवडत्या पात्राचा चेहरा, ६४९ रुपयांना. काळी आज हे लिहिताना अंगात आहे. लाल हुडीचे आईने कापून दोन पुसणी केली. फरक फक्त किमतीचा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण विकत घेताना मी ज्या गोष्टी बघायला हव्या होत्या त्या बघितल्या नाहीत, आणि ज्या बघितल्या त्या इथल्या हवेत कामाच्या नव्हत्या.

पुण्याची मावसबहीण विचारते, ‘तुमच्याकडे थंडी असते कुठे?’ असते. गोळपहून रत्नागिरीला मी रोज सकाळी साडेसहाला स्कूटरवरून निघते. डिसेंबर-जानेवारीत भाट्याच्या पुलावर खाडीवरून येणारा वारा छातीत शिरतो, आणि दव तर इतकं की बाहीवर हात फिरवला तर ओला होतो. शिवाय मुंबईला जाताना रात्रीच्या गाडीतला एसी. तेव्हा हुडी लागते. पण ती वर्षातून अडीच-तीन महिनेच लागते. उरलेले महिने तिला दमट हवेतून आणि पावसातून सांभाळावं लागतं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून माझं आता ठाम मत आहे की कोकणात हुडी घेताना ती किती उबदार आहे यापेक्षा ती किती लवकर वाळेल हे आधी बघावं.

लाल हुडी दुकानात हातात घेतली तेव्हा जड लागली, आतून मऊ लुसलुशीत. जड म्हणजे दणकट असं मला वाटलं. घरी आईच्या वजनकाट्यावर ठेवली तर ७५० ग्रॅम, काळी ५४०. आतला तो मऊपणा म्हणजे फ्लीस. विणताना कापडाच्या आतल्या बाजूला धाग्याचे छोटे फास राहतात, ते तारेच्या ब्रशने उसवून पिंजले की फ्लीस होतं. न पिंजता तसेच ठेवले की लूपनिट, ज्याला फ्रेंच टेरीही म्हणतात. हुडी उलटी करून बघा, बारीक टॉवेलसारखे फास दिसले तर लूपनिट. पिंजलेल्या तंतूंमध्ये हवा अडकते म्हणून ते उबदार, पण त्याच तंतूंमध्ये पाणीही अडकतं. थंड प्रदेशात राहणाऱ्याने फ्लीस जरूर घ्यावं. आपल्याकडे सकाळी नऊ वाजले की त्यात घामाच्या धारा लागतात.

माझी काळी २८० जीएसएमची आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ३५०-४०० जीएसएमच्या ओव्हरसाइज हुड्या फोटोत फार देखण्या दिसतात, खांद्यावरून छान पडतात, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने २४० ते ३०० च्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं. कापूस किती टक्के हे लेबलवर वाचायचंच. लाल हुडीच्या लेबलवर नुसतं ‘पॉलिकॉटन’ (म्हणजे कापूस आणि पॉलिएस्टरचं मिश्रण) होतं, आकडा नव्हता. दोन महिन्यांत काखेत आणि खिशाच्या कडेला गोळे आले. सुती कापडालाही गोळे येतात, पण ते झडून जातात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो. काळीच्या वर्णनात ‘बायोवॉश’ लिहिलेलं होतं. एन्झाइमच्या पाण्यात कापड धुऊन वरचं लव काढून टाकतात, त्याला बायोवॉश म्हणतात. अकरा महिन्यांनी तिच्यावर गोळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता छपाई. अॅनिमेच्या हुडीत जीव असतो तो चित्रात, म्हणून यावर जरा सविस्तर.

काळीवरचा ढग स्क्रीन प्रिंट आहे, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. काळ्या कापडावर थेट लाल शाई टाकली तर ती विटकरी, मेलेली दिसते. म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर देतात आणि त्यावर लाल. अकात्सुकीच्या ढगाला पांढरी कडा असतेच, त्यामुळे कारागिराचा हात तिथेच कळतो: दोन शाया जरा जरी सरकल्या तरी कडा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब होते. माझ्या ढगाची कडा सगळीकडून सारख्या जाडीची आहे. पार्सल आल्या दिवशी मी ढग दोन्ही हातांनी हलकेच आडवा ताणून पाहिला. शाई कापडाबरोबर ताणली गेली आणि सोडल्यावर परत बसली. ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या तर शाई भट्टीत नीट शिजलेली नाही असं समजायचं आणि परत पाठवायची, कारण ती धुण्यात सोलणारच.

लालवरचं चित्र डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) होतं. यात चित्र आधी फिल्मवर छापतात, मागे गोंदाची पावडर लावतात आणि उष्णतेने दाबून कापडावर चिकटवतात. डीटीएफ वाईट असतं असं मी म्हणणार नाही. बारीक रंगछटा असलेला चेहरा त्यात छान उतरतो आणि एखाद-दुसरी हुडी छापून घ्यायची तर परवडतंही. पण छातीभर मोठा तुकडा चिकटवला की मागे हवा खेळत नाही. मला तिथे एखादं प्लास्टिक बांधल्यासारखं व्हायचं. आणखी एक गोष्ट झाली. चेहऱ्यातल्या डोळ्यांचा पांढरा भाग मार्चपर्यंत गुलाबी झाला. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने सुटून वरच्या छपाईत चढतो, आणि लाल कापडात हे फार होतं. लाल पॉलिएस्टरवर पांढरं चित्र दिसलं की विचार करा.

तिचा शेवट झाला जुलैत. मी धुतली, मशिनमध्ये पिळली, पडवीत दोरीवर टाकली. दोन दिवस मुसळधार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळीही खिशाच्या शिवणीतून पाणी दाबलं की यायचं. आजीने ती उचलून न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलीवरच्या बांबूला अडकवली. नारळाच्या सोडणांचा विस्तव रात्रभर धुमसत होता. सकाळी बघते तर बाही छातीवर पडलेली आणि चिकटलेली. ओढली तशी चित्राची कपाळाची बाजू आणि एक डोळा बाहीबरोबर निघून आला, खाली नुसता गोंदाचा चकचकीत पापुद्रा. आजी बिचारी कावरीबावरी झाली. ‘गो, म्हटलं तुला सकाळी घालायला मिळेल सुकी.’ मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही, हा गोंद गरमीने सुटतो हे मीच तुला सांगायला हवं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे चुलीपाशीच वाळतात, पिढ्यान् पिढ्या. छापील कपडा मात्र तिथे चालत नाही, मग ती इस्त्री असो, चूल असो की हेअर ड्रायर.

त्यानंतर काळीसाठी मी जे करते ते सांगते. उलटी करून, साध्या पाण्यात, थोड्या लिक्विडने धुते. मऊ करणारं कंडिशनर घालत नाही, त्याचा थर कापडात बसतो आणि पाणी नीट शोषलं जात नाही. दगडावर घासायची तर अजिबात नाही. पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरून गुंडाळते आणि त्यावर उभी राहते. टॉवेल ओलाचिंब निघतो. मग बारीक बांबू एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून बाहेर काढते आणि दांडी आडवी टांगते. असं केलं की ओलं वजन खांद्यावर येत नाही, काख उघडी राहते आणि आतून वारा फिरतो. टोपी चिमट्याने वर उचलून ठेवते, कारण सगळ्यात उशिरा वाळते ती टोपी, दुहेरी कापड असतं. खाली टेबलफॅन. भर पावसात दीड दिवसात वाळते. ऑगस्टमध्ये एकदा वीज गेल्यामुळे राहिली तेव्हा कुबट वास बसला होता. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून भिजवली, वास गेला. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र काळी हुडी थेट टाकायची नाही, तांबूस पडते. सावलीत, उलटी.

लाल मातीचे शिंतोडे उडाले तर ओल्यावर चोळू नका, जांभ्याची माती कापडात शिरते. वाळू द्या, झटका, मग धुवा. आंब्याच्या चिकावर मला उपाय सापडलेला नाही. एप्रिलमध्ये पहाटे पेट्या भरायला हीच घालून गेले, डाव्या मनगटावर दोन काळपट ठिपके कायमचे बसलेत.

चेनची हुडी शक्यतो घेऊ नका. खाऱ्या वाऱ्याने धातूची चेन अडते. माझ्या काळीला चेन नाही, पण नाडीच्या भोकांच्या पितळी कड्या हिरवट झाल्या आहेत आणि भोवती कापडावर पुसट डाग आहे.

ठेवताना ढग आत येईल अशी घडी घालते आणि मध्ये बटर पेपर, कारण मेच्या उकाड्यात शाई शाईला चिकटू शकते. डांबराच्या गोळ्या छपाईला लागू देत नाही.

तक्रार एकच, मापाची. पहिल्या तीन धुण्यांत लांबी सव्वा इंच आटली, तेही वर्णनात ‘आधीच आटवलेलं कापड’ लिहिलेलं असताना. म्हणून धाकट्या भावासाठी मागवली ती एक साइज मोठी. त्याला छातीवर छपाईऐवजी छोटं भरतकाम हवं होतं. सोलायची भीती नाही, पण भरतकामाच्या मागे आतून कडक अस्तर लावतात, ते अंगाला टोचतं की दोन-चार धुण्यांत मऊ पडतं, हे पार्सल गुरुवारी आलं की बघू.