दगडाची म्हैस ब्रॉन्झमध्ये ओतून घेतली, फाउंड्रीचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे, कारण काम द्यायच्या आधी मी असं काहीतरी वाचायला शोधत होते आणि नुसतं "छान सर्व्हिस, वेळेत दिलं" एवढंच मिळत होतं. ज्यांना स्वतःचं शिल्प धातूत करून घ्यायचंय त्यांना त्याचा काही उपयोग नाही. फाउंड्रीचं (धातू ओतून देणाऱ्या कारखान्याचं) नाव लिहीत नाहीये, दोन तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्यात, तेवढं बास.

तर शिल्प म्हणजे बसलेली म्हैस, संगमरवरातली, लांबी ३० सेंटीमीटर, वजन साडेनऊ किलो. सहा महिने लागले मला, सगळी हाताने. दगड घेताना हातोडीने वाजवून घेतला होता, खणखणीत वाजला तर आत चीर नाही, बद्द आवाज आला की ठेवून द्यायचा. मग पाणी ओतून बघितला, कारण ओला केला की कोरड्यात न दिसणारी बारीक रेघसुद्धा वर येते. आधी टोकदार छिन्नीने मोठा माल उडवला, मग दातेरी छिन्नीने आकार धरला, मग चपटी, मग कानस, आणि शेवटी पाण्यात पॉलिश पेपर. एक गोष्ट मला उशिरा कळली म्हणून सांगते, संगमरवरावर छिन्नी काटकोनात उभी धरून घाव घातला की खालचे स्फटिक चुरगळतात, तेव्हा काही दिसत नाही पण पॉलिश केलं की तिथे पांढरट डाग उठतो आणि तो घालवायला तेवढा सगळा थर खाली उतरवावा लागतो. माझ्या म्हशीच्या मांडीवर असे तीन डाग होते, मांडी बारीक झाली ती त्यामुळे.

पाठ मात्र मी पॉलिश केलीच नाही. दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा तशाच ठेवल्या, म्हशीच्या जाड कातडीसारख्या दिसतात. फ्लोरेन्सच्या अकादमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले कैद्यांचे पुतळे आहेत ना, त्यांच्यावर अशाच दातेरी छिन्नीच्या रेघा आजही दिसतात. फोटोतसुद्धा हात कुठून कुठे फिरला ते कळतं, माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. ह्या रेघा लक्षात ठेवा, पुढे येणारेत.

आता ब्रॉन्झ (तांबं आणि कथलाचा मिश्रधातू) कशाला? शिंगांसाठी! दगड दाब कितीही सहन करतो पण त्याला ताण आणि वाक झेपत नाही, त्यामुळे हवेत बाहेर आलेली कुठलीही बारीक गोष्ट म्हणजे तुटायची खात्री. म्हणून माझ्या दगडाच्या म्हशीची शिंगं मानेला चिकटलेली ठेवावी लागली. जुन्या ग्रीक ब्रॉन्झ पुतळ्यांच्या रोमन लोकांनी संगमरवरात नकला केल्या तेव्हा पायाला टेकून झाडाचा बुंधा घातला तो ह्याच कारणाने, धातूत तो माणूस नुसत्या घोट्यांवर उभा राहत होता, दगडात घोटे तुटले असते. मला शिंगं मागे वळून मोकळी हवी होती.

फाउंड्रीत गेल्यावर पहिली चांगली गोष्ट म्हणजे तिथल्या ओतारी काकांनी म्हैस हातात घेऊन उलटी केली आणि पोटाखालून बघितली. मी म्हटलं काय बघताय, तर म्हणाले ताई, ही पोकळ करायची तर तळ उघडा ठेवावा लागेल, चालेल का? मला त्यांचं हे विचारणं फार आवडलं. भरीव केली असती तर तीस किलोच्या आसपास गेली असती आणि वजन सोडा, जाड धातू थंड होताना आकसतो तेव्हा जाड जागी खड्डे आणि पोकळ्या पडतात. आपल्या महाराष्ट्रातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेली ब्रॉन्झची चार प्राचीन शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, ती भरीव ओतलेली आहेत, चारही मिळून साठ किलोच्या वर भरतात. माझी म्हैस करताना मी त्या म्हशीचे फोटो कितीदा बघितलेत त्याला हिशोब नाही, पण आपल्याला टेबलावर ठेवायची होती.

पुढचं थोडक्यात, कारण हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दगडाच्या मूर्तीवरून रबराचा साचा घेतात, बाहेरून प्लास्टरचं कवच. त्यात पातळ मेण फिरवून पाच मिलिमीटर जाडीचा थर बसवतात, साचा उघडला की हातात मेणाची पोकळ म्हैस. मला बोलावलं ते ह्याच टप्प्याला आणि हे तुम्ही कुठेही काम द्या, लिहून घ्या की मेण बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. मेणात जे आहे तेच धातूत येतं, साच्याच्या जोडाची रेघ, हवेचा बुडबुडा, बोटाचा ठसासुद्धा. मेणात चूक काढायला दोन मिनिटं, धातूत तीच काढायला अर्धा दिवस. त्यांनी मला एक टेबल, स्पिरिटचा दिवा आणि लोखंडी सळ्या दिल्या आणि सांगितलं शिंगं तुम्हीच लावा. मी दोन दिवस बसून जुनी शिंगं कापली, नवी मेणात वळून जोडली. दोन्ही दिवस कोणी घाई केली नाही, चहा तेवढा येत राहिला.

मेणाच्या म्हशीचं वजन केलं, सातशे ग्रॅम. काका म्हणाले सहा-साडेसहा किलो होईल. हिशोब सोपा आहे, मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं आणि ब्रॉन्झ पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, म्हणून मेणाच्या वजनाला नऊ-दहाने गुणायचं. शेवटी साडेसहाच भरली, म्हणजे अख्ख्या दगडापेक्षा तीन किलो कमी! उचलून बघणारे सगळे चकित होतात.

मग मेणाला मेणाच्याच कांड्या जोडतात, ज्यातून धातू आत येणार ते रनर आणि हवा बाहेर जाणार ते व्हेंट. त्यानंतर सिरॅमिकचं शेल, म्हणजे बाहेरचं कवच. पातळ स्लरीत म्हणजे सिरॅमिकच्या घोळात बुडवायचं, वर बारीक रेती भुरभुरायची, वाळवायचं, परत बुडवायचं. माझ्या कामाला आठ थर दिले, पहिले बारीक रेतीचे कारण तेच धातूचा पृष्ठभाग ठरवतात, नंतरचे जाड रेतीचे, ताकदीसाठी. इथे मी फोन करकरून डोकं खाल्लं त्यांचं, कधी होणार कधी होणार, आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की थर आतून ओला राहिला तर भट्टीत तडकेल. आता कळतंय की उशीर झाला तो ह्या वाळवण्यामुळे, त्यात त्यांची चूक नव्हती.

मेण काढायची रीत मला सगळ्यात भारी वाटली. मला वाटायचं हळूहळू गरम करत असतील, तर उलटं, शेल सरळ कडक तापलेल्या भट्टीत ढकलतात. कारण मेण तापलं की शेलपेक्षा जास्त फुगतं, हळू तापवलं तर आतलं मेण फुगून शेल फोडतं. एकदम उष्णता दिली की शेलला चिकटलेला मेणाचा पातळ थर आधी वितळून वाहून जातो, मग बाकीच्या मेणाला फुगायला जागा मिळते. किती पिढ्यांनी किती साचे फोडून हे शिकलं असेल!

ओतायच्या दिवशी मी लांब उभी राहिले, तसंच सांगितलं होतं. चामड्याचे एप्रन, तोंडावर जाळीची ढाल, जमीन कोरडी ठक्क, कारण वितळलेला धातू ओलाव्यावर पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. शुद्ध तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, कथील मिसळलं की ते तापमान खाली येतं, पण ओतताना धातू पातळ वाहावा म्हणून अकराशेच्या वर नेतात. मुशीतल्या (धातू वितळवायच्या भांड्यातल्या) धातूवरचा मळ काढला, दोघांनी दांडा धरून मूस उचलली, तापवून ठेवलेल्या शेलमध्ये एका धारेत ओतली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सहा महिने आणि वर तीन महिने, आणि खरा धातू हलला तो एवढाच वेळ. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

शेल फोडल्यावर डाव्या शिंगाचं टोक नव्हतं. दोन सेंटीमीटर धातू पोहोचलाच नाही, बारीक जागी तो आधीच थिजला. इथे मी फाउंड्रीला पूर्ण मार्क देते कारण त्यांनी लपवलं नाही, त्याच संध्याकाळी फोटो पाठवला आणि सांगितलं की तिथे व्हेंट कमी पडला, टोक वेगळं ओतून जोडतो. जोडलंही टिग वेल्डिंगने, त्याच मिश्रधातूची सळई वापरून. ही सळई महत्त्वाची, दुसऱ्या धातूची वापरली तर पॅटिना (रसायनांनी धातूवर आणलेला रंग) चढवल्यावर जोड वेगळ्या रंगाचा दिसतो. आज मला स्वतःला सापडत नाही कुठे जोडलंय ते.

आता तक्रारी. पहिली, त्या पाठीवरच्या रेघा. फिनिशिंगला रनर कापल्यावर त्याची बुंधी घासायला लागतात, ते बरोबर आहे, पण तिथला मुलगा ग्राइंडर घेऊन पुढेच गेला आणि माझ्या तळहाताएवढी पाठ गुळगुळीत करून टाकली. त्याला वाटलं खडबडीत राहिलंय. मी नंतर छोट्या पंचने धातूवर एकेक रेघ ठोकून घेतली त्यांच्याकडून, बऱ्यापैकी जमलं, पण दगडावरची रेघ घावाने फुटून येते आणि ही दाबून आलेली, फरक आहे. मला दिसतो. काकांनाही दिसला, ते गप्प बसले.

दुसरी, आतून शेलचे तुकडे नीट काढले नव्हते. पालथी केली की पांढरी भुकटी सांडायची. घरात ठेवायची म्हणून ठीक, पण बागेत ठेवणाऱ्याने हे तपासलंच पाहिजे, तो राहिलेला माल ओल धरून ठेवतो.

पॅटिना पहिल्यांदा फसला. शिल्प टॉर्चने तापवून त्यावर ब्रशने रसायन देतात, सल्फाइडने काळपट, फेरिक नायट्रेटने तांबूस तपकिरी, कॉपर नायट्रेटने हिरवट. मला काळा, आणि शिंगाच्या कडांना खालचा धातू चमकणारा हवा होता. पोटाखाली ओघळ राहिले होते, नीट तापलं नव्हतं तिथे. सांगितलं तर एका शब्दाने न बोलता सगळा खरवडून परत केला आणि गरम असतानाच मेण चोळलं. आता जो काळा आहे तो अगदी पाण्यातून उठलेल्या म्हशीचा.

मोजून बघितलं तर ब्रॉन्झची म्हैस दगडाच्यापेक्षा सात मिलिमीटर आखूड आहे, मेण थोडं आकसतं आणि धातू त्याहून जास्त, मिळून दोन टक्क्यांच्या आसपास. चौथऱ्याच्या खाचेत वगैरे नेमकं बसवायचं असेल तर मूळ शिल्पच तेवढं मोठं करा.

पाचात चार देते. पुढचं काम, एक रेडकू, त्यांच्याकडेच देणार आहे, फक्त ह्यावेळी मेणावरच खडूने खूण करून ठेवणार की ह्या भागाला ग्राइंडर लावायचा नाही, आणि फिनिशिंगच्या दिवशी स्वतः जाऊन त्या मुलाशेजारी बसणार. त्याचा हात चांगला आहे, रेघा मुद्दाम ठेवल्यात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.