बेस्ट, पीएमपी, एसटी: चालवणाऱ्याच्या हातात किती उरतं यावरून रिव्ह्यू

बसचा रिव्ह्यू म्हटला की आपण एसी, सीट आणि गाडी वेळेवर येते का एवढंच लिहितो. मी यावेळी ड्रायव्हर-कंडक्टरच्या बाजूने लिहितेय, म्हणजे त्या शहरात भाडं, किराणा, पोरांची फी भागवून महिनाअखेर त्यांच्या हातात काय राहतं. माझ्यासाठी सेवेचं खरं रेटिंग हेच, कारण पगार पुरत नाही म्हणून डबल ड्युटी केलेला माणूस स्टेअरिंगवर असेल तर गाडी कितीही नवी असो, मला त्यात निवांत बसवत नाही.

आधी मुंबईची बेस्ट. प्रवासी म्हणून गाडी मस्तच. इलेक्ट्रिक एसी बस, आवाज नाही, आणि मे २०२५ मध्ये तिकीट दुप्पट झालं तरी एसीचं सुरुवातीचं भाडं १२ रुपये, रिक्षाच्या मीटरच्या निम्म्याहून कमी. पण एकाच डेपोतून एकाच रूटवर सुटणाऱ्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर एका पगारावर नसतात. एक बेस्टचा कायम कामगार, त्याला महागाई भत्ता, घरभाडं आणि नंबर लागला तर बेस्ट वसाहतीत खोली. दुसरा वेट लीजवाला, म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही कंत्राटदाराचे, बेस्ट कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे देते आणि त्यातून ड्रायव्हरला किती द्यायचे ते कंत्राटदार बघतो. ऑगस्ट २०२३ ला हे वेट लीजवाले संपावर गेले तेव्हा पगारवाढीसोबत बेस्टमधून फुकट प्रवासाचीही मागणी होती. दिवसभर बस चालवणाऱ्याला तेव्हा घरी जायला तिकीट काढावं लागत होतं, यावरून काय ते समजा. शहर तेच, महागाई तीच, रूट तोच, मग पगार दोन का? गाडीला ४ स्टार, पगाराला २, आणि ते २ पण कायमवाल्यांमुळे.

पुण्यात पीएमपीचं चित्र बरंचसं असंच, स्वतःच्या गाड्या आणि ठेकेदाराच्या गाड्या. मार्च २०२३ मध्ये बिलं थकली म्हणून ठेकेदारांनी गाड्याच बंद ठेवल्या होत्या. ३ स्टार.

आता एसटी, इथे खरी गंमत पगाराच्या आकड्यात नाही, पोस्टिंगमध्ये आहे. बेसिक सगळ्या राज्यात एकच, गडचिरोली असो की कुर्ला नेहरूनगर, सारख्या सर्व्हिसला सारखं. शहराप्रमाणे बदलतो तो मुख्यतः घरभाडं भत्ता, २०२१ च्या घोषणेत तो बेसिकच्या ८, १६ आणि २४ टक्के होता. समजा बेसिक २० हजार आहे, तर छोट्या गावाच्या आगारात १,६०० मिळणार आणि मुंबईत ४,८००. फरक ३,२०० रुपये. एवढ्यात कुर्ल्याला खोली राहू दे, टिटवाळ्याला तरी मिळते का सांगा, आणि टिटवाळ्याला राहिला तर पहाटेच्या गाडीला वेळेत कसा पोचणार, म्हणून बरेच जण फॅमिली गावी ठेवून आगाराच्या विश्रांतीगृहात नाहीतर चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहतात. म्हणजे दोन घरं चालवायची, एका पगारात.

गावाकडच्या आगारात मात्र ज्याचं स्वतःचं घर आहे, घरचं धान्य आहे, म्हातारे आईबाप पोरांकडे बघतात, त्याला तोच पगार पुरतो, थोडी बचतही होते. नाही म्हणायला मुक्कामी गाडीवर रात्र गाडीतच काढावी लागते, ते कष्ट आहेतच. पण पुण्या-मुंबईच्या कायम नोकरीचा पगार स्लिपवर मोठा दिसला तरी भाडं वजा केल्यावर खेड्यातला एसटी कंडक्टर कधी कधी जास्त सुखात असतो, असं मला मनापासून वाटतं.

२०२१-२२ चा लांबलेला संप आठवा. तेव्हा १० वर्षांपर्यंत सर्व्हिस असलेल्यांना ५ हजार, २० पर्यंत ४ हजार आणि पुढच्यांना अडीच हजार वाढ जाहीर झाली. नवीन पोरांना जास्त दिलं ते बरोबरच केलं, त्यांचा पगार लाजिरवाणा होता. पण त्या वाढीत शहर कुठेच नव्हतं, मुंबईवाल्याला आणि तालुक्यावाल्याला रक्कम तीच.

एसटीला गावच्या आगारासाठी ४ स्टार, मुंबईच्या आगारांसाठी २. घरभाडं बेसिकच्या टक्क्यात न देता आगारापासून अर्ध्या तासावर एका खोलीचं जे भाडं चालू आहे त्यावर द्या, नाहीतर आगाराच्या जागेवर क्वार्टर बांधा, मी लगेच ५ करते.