घरी बसवलेला टायमिंग बेल्ट: काही महिने गाडी चालवल्यानंतर

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. हा बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) आणि वॉटर पंप असा पूर्ण किट घरी बसवून बरेच महिने झाले. इंजिन पेट्रोलचं, एका ओव्हरहेड कॅमचं. टेन्शनर काटा आणि खाच असलेला, म्हणजे काटा खाचेसमोर आला की ताण बरोबर. बेल्टच्या रबराबद्दल तक्रार नाही. पण असा किट टिकतो की नाही हे बरंचसं बसवल्यावरच्या तपासणीवर ठरतं, म्हणून जास्त लिहितोय ते त्याबद्दलच.

तपासायच्या गोष्टी दोन. क्रँक आणि कॅमचे दात जुळलेत का, हे तिथल्या तिथे कळतं. बेल्ट सगळ्या पुल्यांवर सरळ धावतोय का, हे मात्र काही महिन्यांनीच नीट दिसतं.

आधी दात. प्लग काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर लागत नाही. मग क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. कॅमच्या बोल्टने फिरवू नका आणि उलटं तर अजिबात नको. उलट फिरवलं की ढील ताणलेल्या बाजूला जाते. मध्येच कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चुकलं की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो, आणि जोर लावला तर व्हॉल्व्ह वाकतो.

दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा जागेवर यायला हव्यात. क्रँकची खूण पाहायची ती आतल्या दातेरी पुलीवरची. बाहेरच्या मोठ्या पुलीवरची खाच बहुधा इग्निशन टायमिंगची असते आणि गोंधळ इथेच होतो. क्रँकला २० आणि कॅमला ४० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. चूक होते ती पूर्ण दाताची. खूण अर्धा दात सरकलेली दिसत असेल तर आधी डोळा पुलीच्या अगदी समोर आणून पाहा, मग ताण तपासा. टेन्शनरच्या समोरची बाजू ढिली राहिली असेल तरी असंच दिसतं.

बेल्टवर छापलेल्या रेघा दोन फेऱ्यांनंतर जुळत नाहीत म्हणून घाबरून बेल्ट परत उतरवणारे बरेच आहेत. त्या रेघा फक्त बसवतानाच्या. बेल्टला १०१ दात असतील तर त्या परत जागेवर यायला क्रँकचे २०२ फेरे लागतील!

टेन्शनरचा काटा इंजिन थंड असतानाच खाचेत आणायचा. दोन फेऱ्यांनंतर तो हमखास थोडा हलतो. बोल्ट ढिला करून, ॲलन कीने पुन्हा जुळवून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. ही दुसरी जुळवणी कंटाळा करून सोडू नका.

आता महिन्यांनंतरचं. वरचं कव्हर काढून, इंजिन बंद असताना, टॉर्च बेल्टच्या कडेवर मारा. आमच्या बेल्टची कड स्वच्छ आहे आणि पुलीच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटलेली दिसते. कडेला काळी भुकटी किंवा सुताचे बारीक धागे दिसले तर बेल्ट एका बाजूला सरकतोय. नवा बेल्ट घालून हे थांबत नाही, कारण एखादी पुली कललेली असते. वॉटर पंपाच्या बैठकीवर जुन्या गॅस्केटचा पापुद्रा राहिला, टेन्शनरखाली मळ राहिला, आयडलरमागचा वॉशर विसरला, टेन्शनरचा स्टड वाकला, नाहीतर क्रँकपुलीची मार्गदर्शक चकती उलटी बसली. चकतीची वळलेली कड बेल्टच्या विरुद्ध बाजूला हवी.

आवाजावरूनही बरंच कळतं. आरपीएमबरोबर चढणारी बारीक शिट्टी आली तर ताण जास्त आहे किंवा बेअरिंग खराब. कव्हरवर फटफट वाजत असेल तर बेल्ट ढिला. आयडलिंग खडबडीत, पिकअप पडलेला आणि पी००१६ हा कोड (इंजिनच्या कॉम्प्युटरने दिलेला, क्रँक-कॅमची जुळणी बिघडल्याचा) आला तर दात चुकल्याचा संशय घ्या, मात्र व्हेरिएबल टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चालू इंजिनातच बदलणारी सोय) असलेल्या इंजिनात तोच कोड ऑइलच्या दाबामुळेही येऊ शकतो. कव्हर पुन्हा काढून दोन फेरे फिरवून खात्री करा.

किटमधली खरी उणीव म्हणजे बोल्ट आणि ऑइल सील दिलेले नाहीत. कॅम आणि क्रँकचे सील वेगळे घ्या आणि बेल्ट उतरलेला असतानाच बदला. ऑइल झिरपलं तर नव्या बेल्टचं रबरही फुगतं. क्रँकचा बोल्ट टॉर्कनंतर आणखी काही अंश आवळायचा असेल, तर मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे तोही नवाच वापरा.