कुत्र्याच्या पिल्लासाठी इन्शुरन्स काढला, 5 पैकी 3 स्टार

कंपनीचं नाव घेत नाही, पण फॉर्म एकदम सोपा होता, पिल्लाचे समोरून-बाजूने फोटो आणि लसीचं कार्ड अपलोड केलं की काम झालं. खरी गंमत बारीक अक्षरात आहे. लस, जंताचं औषध, नसबंदी यातलं काहीच कव्हर नाही, आणि लस वेळेवर दिलेली नसताना पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा व्हायरल आजार) झाला तर क्लेम विसराच! त्यामुळे कार्डावर व्हेटचा सही-शिक्का, तारीख आणि लसीच्या बाटलीचं स्टिकर हे सगळं आहे ना ते क्लिनिकमधून निघायच्या आधीच बघा. वेटिंग पिरियड पण असतो, पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही, म्हणजे पावसाळ्यात गोचीड ताप आल्यावर पॉलिसी शोधायला बसलात तर काही उपयोग नाही. आमचं लॅब्राडॉर आहे, या जातीत हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) बराच दिसतो, तर आनुवंशिक आजार वगळलेत का असं कस्टमर केअरला विचारलं, तो म्हणे "सर, पेशंटचं वय काय?" कप्पाळ! थर्ड पार्टी कव्हर (आपल्या कुत्र्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईसाठी) मात्र घ्याच, कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणाला दात लागला तर मीटिंगच बसते. आणि हो, पुणे महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, इन्शुरन्स आहे म्हणून ते सुटत नाही.