पॅरिशचं मूळ रजिस्टर की बिशपकडची नक्कल?

इंग्लंडमधल्या घराण्याचा माग १ जुलै १८३७ च्या मागे न्यायचा तर चर्चच्या दप्तराशिवाय गत्यंतर नाही. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी त्या दिवशी सुरू झाली. हे दप्तर दोन जागी सापडतं. एक, पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, मूळ रजिस्टर. ते ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण इतकी जुनी पानं फार थोड्या चर्चची उरलीत, आणि ती आता बहुधा चर्चमध्ये नसून कौंटीच्या अभिलेखागारात असतात. दुसरी, १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे धाडायची नक्कल.

लग्न १७५४ नंतरचं असेल तर विचार करू नका, मूळच बघा. त्यात नवरा-नवरीच्या सह्या असतात, लिहिता न येणाऱ्यांची फुली असते आणि साक्षीदारांची नावं असतात. साक्षीदार पुष्कळदा भाऊ-बहीण निघतात. नकलेत सगळं एकाच कारकुनाच्या अक्षरात.

बाप्तिस्म्याचं तसं नाही. १८१३ पासून छापील फॉर्म आले, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण आलं; तिथे नकलेवर बऱ्यापैकी भागतं. त्याआधीच्या काळात मात्र दोन्ही ताडून पाहा. नक्कल वर्षाअखेरी एकटाकी उतरवलेली, म्हणून ओळी गळतात, नावं बदलतात. उलट ओल किंवा उंदरांनी मूळ वही खाल्ली असेल, तर नक्कलच तारते. १६४६ ते १६६० मध्ये बिशपच नव्हते, तेव्हा त्या वर्षांच्या नकला शोधण्यात वेळ घालवू नका.

फॅमिलीसर्चसारखी ऑनलाइन सूची पान सापडेपर्यंत कामाची. निकाल पानाचा फोटो पाहूनच करावा. पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेला असेल, तर तिथल्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या क्रमांकाखाली आहेत.

मूळ असो की नक्कल, चकवणारी गोष्ट एकच: तारीख. १७५१ पर्यंत तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न मे १७२३ आणि बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ दिसला, तर मूल लग्नाआधीचं नव्हे, लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेलं. असं साल टिपताना १७२३/२४ असं जोडीनंच लिहा. शिवाय १७३३ पर्यंत काही पाद्री लॅटिनमध्ये लिहीत. तिथला जाकोबुस म्हणजे तुमचा जेम्स.