फ्रान्समधली पगारी पीएचडी (फ्रेंच भाषाशास्त्र) : माझा रिव्ह्यू

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. आधी एक समजून घ्या, ‘कॉन्त्रा डॉक्तोराल’ (पीएचडीचं काँट्रॅक्ट) ही स्कॉलरशिप नाही, चक्क नोकरी आहे, ३ वर्षांचं काँट्रॅक्ट, दर महिन्याला पे-स्लिप, त्यात पेन्शन वगैरेची कपात, वर भरपगारी सुट्ट्या. २०२६ पासून महिन्याला किमान २३०० युरो ग्रॉस (कपातीआधी). पॅरिसात यातला मोठा हिस्सा घरभाड्यातच जातो, नॅन्सीसारख्या शहरात मात्र नीट भागतं.

आणि आपल्या विषयाला नॅन्सी म्हणजे खजिनाच हो! आतिल्फ ही भाषाशास्त्राची लॅब तिथली, फ्राँतेक्स्त हा फ्रेंच पुस्तकांचा सर्च करता येणारा संग्रह (कॉर्पस) तिथला, १६ खंडांचा त्रेझोर हा फ्रेंच शब्दकोशही तिथलाच आणि तो ऑनलाइन फुकट. ‘दोंक’ (म्हणजे ‘म्हणून’) सारखा एवढासा शब्द घ्या, फ्राँतेक्स्तमध्ये सर्च मारला की जुन्या-नव्या पुस्तकांतली वाक्यंच्या वाक्यं समोर, वाक्यात सुरुवातीला कधी येतो, मधे कधी, बघत बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही.

शिकवायची हौस असेल तर वर्षाला ६४ तासांपर्यंत, पैसे वेगळे.

एक स्टार कापला कारण या विषयात ३ वर्षांत थिसिस क्वचितच पुरा होतो आणि काँट्रॅक्ट आजारपण, बाळंतपण अशा कारणांशिवाय सहसा वाढत नाही, मग चौथ्या वर्षी आतेरची (युनिव्हर्सिटीतली तात्पुरती शिकवण्याची-संशोधनाची) पोस्ट शोधायची. पीएचडीच्या या जागाही मोजक्याच. त्यामुळे गाईडशी बोलणं हिवाळ्यातच सुरू करा, इंटरव्ह्यू बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये असतात. आणि नुसत्या बी२ (मध्यमच्या वरची पातळी) फ्रेंचच्या जिवावर जाऊ नका, थिसिस शक्यतो फ्रेंचमध्येच लिहायचा असतो.